पार्ट विकणाऱ्याने आधी प्रश्न विचारावा

1955 सालच्या शेव्हरोले पिकअप ट्रकची पुढची काच हवी, असे अमेरिकेतल्या एखाद्या जाणत्या पार्टविक्रेत्याला सांगितले, तर तो आधी किंमत सांगत नाही. तो विचारतो, ट्रक ‘फर्स्ट सिरीज’ आहे की ‘सेकंड सिरीज’? प्रश्न किरकोळ वाटेल, पण सगळा व्यवहार त्यावर उभा असतो. 1947 च्या उन्हाळ्यात बाजारात आलेली ‘ॲडव्हान्स डिझाइन’ ही ट्रकची मालिका शेव्हरोलेने मार्च 1955 पर्यंत चालवली आणि त्याच महिन्यात ‘टास्क फोर्स’ ही सर्वस्वी नवी मालिका आणली. त्यामुळे कागदोपत्री 1955 चेच असलेले दोन ट्रक शेजारी शेजारी उभे केले, तरी एकाची काच, दरवाजा किंवा मडगार्ड दुसऱ्याला बसत नाही. पहिल्याची वायरिंग मुळात 6 व्होल्टची, दुसऱ्याची 12 व्होल्टची. हा एक प्रश्न न विचारता काच पाठवणारा विक्रेता कितीही गोड बोलला, माल कितीही लवकर पोहोचला, तरी त्याची सेवा वाया जाण्याचीच शक्यता अधिक. चांगली ग्राहकसेवा म्हणजे हसतमुख बोलणे आणि झटपट घरपोच माल, ही आपली रूढ समजूत या छोट्याशा व्यापारात टिकत नाही. तिथे सेवेचा अर्थ एकच आहे: पार्ट बसेल याची जबाबदारी विकणाऱ्याने घेणे. आपल्याकडच्या सुट्या भागांच्या बाजारानेही ग्राहकसेवेची कसोटी हीच मानायला हवी, असे माझे मत आहे.

ही जबाबदारी किती बारकाव्यांची आहे, हे ‘ॲडव्हान्स डिझाइन’ या एकाच मालिकेवरून कळते. 1953 पर्यंतच्या ट्रकची पुढची काच दोन तुकड्यांची होती, 1954 मध्ये ती अखंड झाली. दरवाजाची बाहेरची मूठ 1951 पर्यंत खाली दाबून उघडायची, 1952 पासून बटणाची आली. अर्ध्या टनाच्या ट्रकला 1950 पर्यंत हक पद्धतीचे ब्रेक होते, 1951 पासून बेंडिक्सचे आले. म्हणजे ‘पन्नासच्या दशकातल्या शेव्हरोलेचे ब्रेक’ असा माल जगात अस्तित्वातच नाही. त्यात भर पडते ती मालकांनी सत्तर वर्षांत केलेल्या बदलांची. कुणी 6 व्होल्टची वायरिंग काढून 12 व्होल्टची केलेली असते. कुणी मूळचे 216 घनइंचाचे इंजिन थकल्यावर त्याच घराण्यातले नंतरचे 235 घनइंचाचे इंजिन बसवलेले असते. अशा ट्रकला पाण्याचा पंप कुठला लागेल, हे आरसीवरच्या सालावरून ठरत नाही. ते इंजिनाच्या ब्लॉकवर ओतलेल्या आकड्यावरून ठरते. म्हणून फोनवरचा चांगला विक्रेता ग्राहकाला थांबवतो, बॉनेट उघडून तो आकडा वाचायला सांगतो आणि मगच ऑर्डर घेतो. वरवर पाहता तो विक्री लांबवत असतो. प्रत्यक्षात तो ग्राहकाचा आठवडा आणि परतीचे भाडे वाचवत असतो.

अमेरिकेत हा व्यापार आज मोठ्या प्रमाणावर टपालाने आणि इंटरनेटवरून चालतो. कॅन्सस राज्यातल्या लेनेक्सा गावची एलएमसी ट्रक ही त्यातली मोठी कंपनी. ट्रकची कंपनी आणि सालांचा गट यांनुसार तिचे वेगवेगळे छापील कॅटलॉग निघतात आणि ते ग्राहकाला फुकट मिळतात. त्यांतली सुटी सुटी करून दाखवलेली चित्रे पाहण्यासारखी असतात. दरवाजा घ्या: बिजागरी, मूठ, कुलूप, काच वर-खाली करणारी यंत्रणा, कडेचे रबर, प्रत्येक स्क्रू आपापल्या जागी, शेजारी क्रमांक आणि तो कुठल्या सालापासून कुठल्या सालापर्यंत चालतो याची नोंद. असा कॅटलॉग जाहिरातही असतो आणि दुरुस्तीचे पाठ्यपुस्तकही. ज्याने दरवाजा कधी उघडून पाहिलेला नाही, त्यालाही आपल्याला नेमके काय हवे आहे ते कळते. अवजड ट्रकच्या बाबतीत हेच काम काही ठिकाणी खुद्द उत्पादकाने केले आहे. पेनसिल्व्हेनियातल्या ॲलनटाउनच्या मॅक ट्रक्स संग्रहालयात कंपनीच्या जुन्या ट्रकच्या बांधणीच्या नोंदी जपलेल्या आहेत. 1953 ते 1966 या काळात बनलेल्या मॅकच्या ‘बी’ मालिकेतला एखादा ट्रक कारखान्यातून कुठल्या जोडणीने बाहेर पडला, हे अशा नोंदींमुळे आजही शोधता येते. माल विकणे संपले तरी माहिती देणे संपत नाही, हे त्या कंपनीने मान्य केले आहे.

अशा विक्रेत्यांची ओळख बहुधा त्यांच्या ग्राहकांनी केलेल्या कौतुकातून होते. यावर एक रास्त शंका येते. समाधानी ग्राहकांच्या कौतुकावरून निष्कर्ष काढायचा का? ज्यांचे काम झाले ते बोलतात, ज्यांचे बिघडले ते दुसरीकडे जातात, आणि कौतुक लिहवूनही घेता येते. हे खरे आहे. म्हणूनच किती जणांनी कौतुक केले हे मोजण्यापेक्षा कशाचे कौतुक केले ते पाहावे. जुन्या ट्रकचे मालक पुन्हा पुन्हा ज्या गोष्टी सांगतात त्या तपासता येण्याजोग्या आहेत. विक्रेत्याने योग्य प्रश्न विचारले का? पार्ट शिल्लक नसेल तर तसे स्पष्ट सांगितले का? चूक झाल्यावर परतीचे भाडे कुणी सोसले? यांतल्या दुसऱ्या मुद्द्यामागे तर कायदा उभा आहे. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनच्या 1975 च्या नियमानुसार टपालाने माल विकणाऱ्याने कबूल केलेल्या मुदतीत, आणि मुदत सांगितली नसेल तर 30 दिवसांत, माल रवाना करायचा असतो. ते जमणार नसेल तर ग्राहकाला तसे कळवून, थांबायचे की पैसे परत घ्यायचे, हा पर्याय त्याच्यासमोर ठेवावा लागतो. आता हा नियम इंटरनेटवरच्या आणि फोनवरच्या ऑर्डरलाही लागू आहे. चांगली सेवा ही केवळ मालकाच्या स्वभावावर सोडलेली गोष्ट नाही. तिचा तळ कायद्याने आखता येतो आणि त्यावरची उंची विक्रेत्याने गाठायची असते.

त्या उंचीचे सर्वांत खरे माप म्हणजे ‘हा पार्ट घेऊ नका’ असे सांगण्याची तयारी. जुन्या वाहनांच्या दुनियेत कंपनीच्या मूळ डब्यात बंद राहिलेल्या, कधीच न वापरलेल्या पार्टला मोठा मान असतो आणि दामही तसाच मिळतो. हॉर्नचे बटण किंवा दिव्याची चकती असेल तर तो मान योग्यच आहे. पण ब्रेकच्या सिलिंडरमधली रबरी वाटी किंवा ब्रेकचा होज साठ वर्षे डब्यात पडून असेल, तर ते रबर वयानेच कडक झालेले असते. अशा वेळी मूळ डब्याचा मोह दाखवून दुप्पट पैसे घेणे सोपे असते. नव्याने बनवलेले स्वस्त रबर घ्या, असे सांगायला सचोटी लागते. दुरुस्त करून विकलेल्या स्टार्टर किंवा डायनॅमोच्या बाबतीतही असेच. तिथे जुन्या पार्टपोटी अनामत घेतात आणि जुना परत पाठवला की ती फेडतात. या पद्धतीमुळे दुरुस्त होऊ शकणारे लोखंड भंगारात न जाता फिरत राहते. पण जुना पार्ट कुठल्या अवस्थेत स्वीकारला जाईल हे आधीच लिहून दिले असेल, तरच ती अनामत ग्राहकाला विश्वासाची वाटते.

आता मुख्य आक्षेप. हे सगळे हौशी, पैसेवाल्या लोकांचे चोचले आहेत, रविवारी फेरफटका मारायला ट्रक ठेवणाऱ्यांना अशी सेवा परवडते, कोल्हापूरहून वाशीला गूळ नेणाऱ्याला स्वस्त पार्ट हवा असतो, प्रवचन नको, असे म्हटले जाईल. माझ्या मते हिशेब नेमका उलटा आहे. हौशी माणसाचा ट्रक चुकीच्या पार्टमुळे महिनाभर गॅरेजात उभा राहिला तर त्याचा हिरमोड होतो. धंद्याच्या ट्रकला एक दिवस उभे राहणेही जड जाते: भाडे बुडते, ड्रायव्हरचा भत्ता सुरूच राहतो, बँकेचा हप्ता थांबत नाही आणि माल नाशवंत असेल तर तोही हातचा जातो. चुकीचा स्वस्त पार्ट दोनदा बसवावा लागला तर मजुरीही दोनदा पडते. ब्रेक किंवा स्टिअरिंगचा पार्ट असेल तर किंमत रुपयांत राहत नाही. म्हणून अचूक पार्टची गरज हौशी मालकापेक्षा पोटापाण्यासाठी ट्रक चालवणाऱ्याला कितीतरी जास्त आहे. उणीव आहे ती त्याच्या आग्रहाची, कारण आग्रह धरायला लागणारी माहिती त्याच्यापर्यंत पोहोचलेली नाही.

महाराष्ट्राला हा विषय परका नाही. जनरल मोटर्सने 1928 मध्ये मुंबईत शिवडीला जुळणीचा कारखाना काढला आणि तिथून शेव्हरोले गाड्या व ट्रक रस्त्यावर आले. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात डॉज आणि फार्गो ट्रक तयार झाले. 1954 मध्ये टाटांच्या टेल्को कंपनीने डाइमलर-बेंझशी करार केला आणि टाटा-मर्सिडीज ट्रक देशभर घाट चढू लागला. या ट्रकना जिवंत ठेवले ते पुण्याच्या नाना पेठेतल्या आणि मुंबईत कुर्ल्याच्या बाजारातल्या माणसांनी. ‘जुना नमुना घेऊन या’ म्हणणारा काउंटरवरचा माणूस हातात बेअरिंग फिरवून ते कुठल्या मॉडेलचे, हे सांगू शकतो. हे ज्ञान अस्सल आहे आणि त्याचा आदर व्हायलाच हवा. पण त्याच्या दोन मर्यादा आहेत. आणलेला नमुनाच आधीच्या कुणी चुकीचा बसवलेला असेल, तर चूक पुढे चालू राहते. आणि ते ज्ञान एका माणसाच्या डोक्यात असते. मुलाने धंदा घेतला नाही की चाळीस वर्षांचा अनुभव गाळ्याच्या शटरबरोबर बंद होतो. अमेरिकेतल्या व्यापाराने वेगळे केले ते इतकेच, की काउंटरवरच्या माणसाला ठाऊक असलेले त्याने कागदावर उतरवले आणि ग्राहकाच्या हाती दिले.

दुकानदारांची एक तक्रार मात्र गंभीरपणे ऐकायला हवी. अर्धा तास खर्चून नेमका नंबर काढून द्यायचा, आणि ग्राहकाने तो मोबाइलमध्ये टाकून पन्नास रुपये स्वस्त कुठून तरी मागवायचा, हा अनुभव त्यांना नित्याचा आहे. सल्ला फुकट आणि विक्री दुसऱ्याची, असे होत राहिले तर सल्ला देणारा टिकणार नाही. यात दोष ग्राहकाचाही आहे, आणि नेमक्या पार्टला लागणारे चार पैसे जास्त मोजायला आपण शिकले पाहिजे. पण दुकानदाराच्या हातात एक साधन आहे, जे ऑनलाइनच्या गर्दीतल्या अनोळखी विक्रेत्याकडे नसते: न बसल्यास बदलून देण्याची लेखी हमी. ‘चासी नंबर पाहून दिला आहे, बसला नाही तर आम्ही परत घेऊ’ ही ओळ बिलावर असेल, तर पन्नास रुपयांचा फरक ग्राहकाला महाग वाटणार नाही. सल्ल्याची किंमत वसूल करण्याचा हाच प्रामाणिक मार्ग आहे. ऑनलाइन माल परत करता येतोच की, असे कुणी म्हणेल. येतो, पण परत करण्याची सोय ही चूक झाल्यानंतरची आहे, आणि उभ्या ट्रकला चूक न होणेच हवे असते.

कायदा इथेही ग्राहकाच्या बाजूने आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार विक्रीचे बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. सदोष माल बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर 30 दिवसांत, परत घ्यायला नकार देणे हीसुद्धा तशीच प्रथा ठरते. तरीही ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी अनेक दुकानांत अजून दिमाखाने लटकते. केंद्र सरकारने डिसेंबर 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी स्वतंत्र पोर्टल सुरू केले आणि त्यात वाहनांचाही समावेश केला, हे पाऊल योग्य दिशेचे आहे. पण 2021 मध्ये पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांना ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी देणारे नियम आले, तेव्हा ते दुचाकी आणि खासगी चारचाकी गाड्यांपुरतेच ठेवले गेले. ज्या मालट्रकांनी या राज्याचा ऊस, कांदा आणि कापूस वाहिला, त्यांना वारसा म्हणून जपण्याची वाट त्या नियमांत नाही. तशी वाट असती, तर हौशी संग्राहकांच्या मागणीमुळे जुन्या मालट्रकच्या पार्टच्या याद्या आणि चित्रे तयार झाली असती आणि त्यांचा उपयोग धंद्याच्या जुन्या ट्रकनाही झाला असता. त्या नियमांत मालट्रकचा समावेश व्हायला हवा.

करण्यासारख्या गोष्टी अवघड नाहीत. पार्टविक्रेत्यांच्या संघटनांनी आपल्या ज्येष्ठ सदस्यांकडचे ज्ञान मॉडेल आणि सालांनुसार मराठीत लिहून काढावे. जिल्ह्याजिल्ह्यातल्या आयटीआयमधल्या मोटार मेकॅनिकच्या विद्यार्थ्यांना हे काम प्रकल्प म्हणून देता येईल. दुकानदाराने बिलावर वाहनाचे मॉडेल, साल आणि चासी नंबर लिहावा, आणि पार्ट कंपनीचा आहे, दुसऱ्या कंपनीचा आहे की दुरुस्त केलेला, हे स्पष्ट नोंदवावे. वाहन कंपन्यांनी उत्पादन थांबवलेल्या मॉडेलचे पार्ट कॅटलॉग कुलपात न ठेवता सर्वांसाठी खुले करावेत; त्यात त्यांचे काहीही बुडत नाही. आणि ग्राहकाने सर्वांत कमी भाव सांगणाऱ्याकडे जाण्याआधी, आपल्या गाडीबद्दल सर्वांत नेमके प्रश्न विचारणारा कोण, ते पाहावे. जो प्रश्न विचारतो तो उत्तराची जबाबदारीही घ्यायला तयार असतो, आणि ज्याच्यावर ट्रक, धंदा आणि कधी कधी जीवही अवलंबून आहे अशा मालाच्या बाबतीत तीच सेवा विकत घेण्याच्या लायकीची आहे.