एक दिवस आधीं

हल्लीं सुटी जवळ आली म्हणजे आपल्या मुलांच्या बोलण्यांत एक नवाच विषय ऐकूं येतो. पूर्वीं मामाच्या गांवीं जाणें, फार तर माथेरान किंवा महाबळेश्वर पाहणें, एवढ्यावर सुटीचें कौतुक संपत असे. आतां मुंबईच्या बॅलार्ड पियरवरून पर्यटनाच्या जहाजांत बसून गोवें किंवा लक्षद्वीप पाहून येणारीं कुटुंबें आपल्यांतहि आहेत. कांहीं तर सिंगापूर, बार्सिलोना, साउदॅम्प्टन अशा दूरच्या बंदरांतून क्रूझला निघतात. हा बदल इष्ट कीं अनिष्ट याची चर्चा येथें करावयाची नाहीं. ज्यांना शक्य आहे त्यांनीं अवश्य जावें. समुद्र पाहिल्यानें मनुष्याचें मन थोडें तरी मोठें होतें, असा आमचा समज आहे. आज प्रश्न एवढाच आहे कीं, जहाज ज्या दिवशीं सुटावयाचें त्याच दिवशीं बंदराच्या गांवीं पोहोंचावें, कीं आदल्या दिवशीं?

प्रश्न वरवर पाहतां क्षुल्लक वाटेल. परंतु गेल्या कांहीं वर्षांत पालकांनीं तो आम्हांस इतक्या वेळां विचारला आहे कीं, त्याचें उत्तर एकदां नीट लिहून ठेवावें असें वाटलें. आमचें मत असें कीं, जेथें म्हणून शक्य असेल तेथें आदल्या दिवशीं पोहोंचावें. आणि तो दिवस वायां गेला असें न मानतां प्रवासाचा पहिला दिवस मानावा.

प्रथम जहाजाचा स्वभाव समजून घेऊं. आगगाडी चुकली तर मागून दुसरी येते, एस्. टी. चुकली तर तास-दोन तास स्थानकावर बसावें लागतें, इतकेंच. जहाजाचें तसें नाहीं. त्याच्या सुटण्याची वेळ एकट्या कप्तानाच्या मर्जीवर अवलंबून नसते. बंदरांतून बाहेर काढणारा पायलट आणि ओढून नेणाऱ्या टग बोटी यांची वेळ ठरलेली असते. धक्क्यावरील जागा दुसऱ्या जहाजाला दिलेली असते. पुढच्या बंदरांतील जागाहि ठराविक वेळेसाठीं राखलेली असते. शिवाय भरतीओहोटीचें गणित असतें तें वेगळेंच. निघण्यास उशीर झाला तर तो पुढें वेग वाढवून भरून काढावा म्हटलें, तर त्याचीहि किंमत मोठी. पाण्यांतून चालणाऱ्या जहाजाचा वेग दहावा हिस्सा वाढवावयाचा तर इंजिनाला सुमारें एक-तृतीयांश अधिक जोर लावावा लागतो. दोन-चार कुटुंबांसाठीं हजारों उतारूंना खोळंबवून ठेवणें हें म्हणूनच जहाजाला परवडत नाहीं. चुकलेल्या उतारूला भाडें सहसा परत मिळत नाहीं. पुढच्या बंदरांत जहाज गांठावें म्हटलें तर तें बंदर बहुधा दुसऱ्या देशांत असतें, आणि त्या देशाचा परवाना हातीं असतोच असें नाहीं.

आतां घरापासून धक्क्यापर्यंतची वाट पाहूं. ती एका दोराची नसून अनेक दोर एकमेकांस गांठी मारून केलेली असते. त्यांतील एक गांठ सुटली कीं सगळेंच सुटतें. पुष्कळ बंदरें मोठ्या शहरापासून दूर आहेत. रोमहून सुटणारें म्हणून ज्या जहाजाची जाहिरात होते, तें खरोखर रोमपासून सुमारें ७० किलोमीटरवरील चिवितावेक्किया येथून सुटतें. लंडनच्या नांवावर खपणारीं कित्येक जहाजें सुमारें १३० किलोमीटर दूर असलेल्या साउदॅम्प्टनहून निघतात. सिंगापूरला जाणारा आपला मनुष्य रात्रीच्या विमानानें निघतो. तेथील घड्याळ आपल्यापुढें अडीच तास असल्यामुळें त्याची आधींच तोकडी असलेली रात्र आणखी अडीच तासांनीं तोकडी होते. सकाळीं तो तेथें उतरतो तेव्हां त्याचें शरीर पोहोंचलेलें असतें, पण झोंप घरींच राहिलेली असते.

शिवाय विघ्नें कांहीं सांगून येत नाहींत. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रुझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबईच्या आगगाड्या व विमानें दोन्ही बंद पडलीं. एप्रिल २०१० मध्यें आइसलंडांतील एका ज्वालामुखीच्या राखेमुळें युरोपांतील बहुतेक विमानें कित्येक दिवस जमिनीवर उभीं होतीं. १९ जुलै २०२४ रोजीं संगणकांत घातलेल्या एका सदोष सुधारणेमुळें जगभर हजारों विमानें रद्द झालीं. अशा मोठ्या संकटांत एक दिवस आधीं निघालेलाहि अडकेल, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु नित्याचीं विघ्नें एवढीं मोठीं नसतात. गाडी चार तास उशीरा येते, धुक्यामुळें विमान दुपारीं निघतें, घाटांत मालमोटार उलटते. अशा नित्याच्या विघ्नांवर एक दिवसाची सवड हा पुरेसा उपाय आहे.

येथवरचा विचार केवळ जहाज न चुकण्याचा झाला. परंतु जहाज गांठणें निराळें आणि जहाजावर शांत मनानें चढणें निराळें. या दुसऱ्या गोष्टीकडे कोणी फारसें लक्ष देत नाहीं, म्हणून एक उदाहरण देतों. १३ जानेवारी २०१२ रोजीं सायंकाळीं ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ हें प्रचंड जहाज चिवितावेक्कियाहून निघालें आणि कांहीं तासांतच जील्यो बेटाजवळ खडकावर आदळलें. त्यावर ४२०० हून अधिक माणसें होतीं. त्यांतील ३२ मृत्यु पावलीं. जे उतारू त्याच दिवशीं त्या बंदरांत चढले होते, त्यांची संकटसमयीं कोठें जमावें व लाइफ जॅकेट कसें घालावें याची कवाईत अद्याप व्हावयाची होती. कारण उतारू चढल्यापासून २४ तासांच्या आंत ती घेतली म्हणजे झालें, असा तेव्हांचा नियम होता. पुढें नियम बदलला. १ जानेवारी २०१५ पासून ही कवाईत जहाज सुटण्यापूर्वीं किंवा सुटतांच घेणें बंधनकारक झालें आहे. तात्पर्य, जहाजावरील पहिले दोन-तीन तास हेच शिकण्याचे तास असतात. रात्रभर न झोंपलेला, धांवत आलेला आणि सामान कोठें राहिलें या चिंतेंत असलेला गृहस्थ त्या कवाइतींत उभा असतो. पण त्याच्या कानीं कांहीं पडत नाहीं. त्याचा हात धरून उभ्या असलेल्या मुलांना मग कोण सांगणार?

आमच्या मताविरुद्ध जे आक्षेप येतात त्यांतील पहिला खर्चाचा. एका रात्रीचें भाडें, चार माणसांचें दोन वेळचें जेवण आणि रजेचा एक दिवस हीं कोठून आणावयाचीं? हा आक्षेप हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. ज्या बापानें चार वर्षें पैसे सांठवून ही सफर ठरविली, त्याला आणखी खर्च सुचवितांना आम्हांसहि संकोच वाटतो. तरीहि आम्ही म्हणतों कीं, ही रक्कम सफरीच्या खर्चांतच धरून मग सफर ठरवावी. पांच रात्रींच्या ऐवजीं चार रात्रींची सफर घ्यावी, दूरच्या बंदराऐवजीं जवळचें निवडावें, गिरगांवांत किंवा ठाण्यास मावशीचें घर असेल तर तेथें एक रात्र काढावी. पण सगळा पैसा जहाजावर लावून वाटेसाठीं कांहींच न ठेवणें हा हिशेब बरोबर नव्हे. घराच्या भिंती उत्तम बांधून पायरीला दगड उरला नाहीं, असा तो प्रकार होय.

दुसरा आक्षेप मुलांचा असतो. ते म्हणतात, थोर माणसें कोठें आदल्या दिवशीं जाऊन बसतात? १९३१ सालीं महात्मा गांधी गोलमेज परिषदेस निघाले तेव्हां २७ ऑगस्ट रोजीं ते शिमल्यास होते, आणि २९ ऑगस्ट रोजीं ‘राजपुताना’ बोटीनें मुंबईहून निघाले! खरें आहे. परंतु तेथें व्हाइसरॉयांशीं चाललेलीं बोलणीं संपावयाचीं होतीं, आणि त्यांना वेळेवर पोहोंचविण्याकरितां शिमल्याहून खास गाडी सोडण्यांत आली होती. ज्याच्या कामावर कोट्यवधि लोकांचे डोळे लागले आहेत, त्याच्यासाठीं गाडी सुटते. आपणांसाठीं ती सुटणार नाहीं, हें ओळखून वागणें यांत कमीपणा कसला?

तिसरा आक्षेप थट्टेचा. १९१२ सालीं साउदॅम्प्टनच्या धक्क्यावर उशीरा आलेले कांहीं भट्टीवाले ‘टायटॅनिक’ला मुकले आणि म्हणूनच वांचले, असें एका विद्यार्थ्यानें आम्हांस मोठ्या विजयानें सांगितलें. ही गोष्टहि खरी आहे. पण विहिरींत पडलेला एखादा मनुष्य ठेवा घेऊन वर आला, म्हणून कोणी मुलांना विहिरींत उडी टाकावयास सांगत नाहीं.

आतां जी गोष्ट आमच्या मनाला सर्वांत अधिक लागली ती सांगतों. आमच्या परिचयाचें एक कुटुंब विदर्भांतून रात्रीच्या गाडीनें निघालें. सकाळीं मुंबईस उतरून दुपारीं जहाजावर चढावें, असा बेत होता. गाडीला चार तास उशीर झाला. धक्क्यावर पोहोंचेपर्यंत दरवाजा बंद होण्याची वेळ आली होती. त्यांतच एक कागद सांपडेना. वडिलांनीं आठ वर्षांच्या मुलाला, त्यानेंच तो हरवला असें समजून, चारचौघांत नको तें बोलून घेतलें. कागद वडिलांच्याच खिशांत होता. जहाज मिळालें, तीन दिवस उत्तम गेले, छायाचित्रांत सगळे हंसतांना दिसतात. पुढें वर्गांत ‘माझा समुद्रप्रवास’ हा निबंध लिहावयास दिला तेव्हां त्या मुलानें समुद्रावर दोन ओळी लिहिल्या आणि बाकीचें सारें पान त्या कागदावर लिहिलें. वडील स्वभावानें प्रेमळ आहेत, हें आम्ही जाणतों. त्यांच्याजवळ प्रेम कमी नव्हतें, वेळ कमी होता. घाईंत सुटलेल्या शब्दाचें भाडें शेवटीं मुलाला भरावें लागलें. एका रात्रीच्या बिऱ्हाडाचें भाडें त्याहून खचित स्वस्त होतें.

आदल्या दिवशीं निघण्याची ही रीत आपल्याकडे नवी नाहीं. जुन्या काळीं ठरल्या मुहूर्तावर निघणें साधत नसेल, तर सामानाचें एक गांठोडें त्या वेळीं शेजारच्या घरीं नेऊन ठेवीत. त्यास प्रस्थान ठेवणें म्हणत. मुहूर्तावर कोणाचा विश्वास असो वा नसो, निघण्याची सुरुवात निघण्यापूर्वींच करावी हें त्यांतील शहाणपण घेण्यासारखें आहे. आळंदीहून ज्ञानेश्वर महाराजांची पालखी ज्येष्ठ महिन्यांत मंदिरांतून प्रस्थान करते. पंढरपूरची सुमारें अडीचशें किलोमीटरांची वाट तिच्यापुढें असते. परंतु त्या रात्रीं ती आळंदींतच मुक्काम करते आणि दुसरे दिवशीं पुण्याची वाट धरते. देहूस तुकाराम महाराजांच्या पालखीचाहि पहिला मुक्काम देहूंतच असतो. आणि आपल्या शाळेच्या प्रार्थनामंदिरांत दरवर्षीं सांगितला जाणारा दहा कुमारींचा दृष्टांत तर सर्वांच्या परिचयाचा आहे. पांच जणी मूर्ख ठरल्या त्या वाईट होत्या म्हणून नव्हे. दिव्याचें तेल आयत्या वेळीं आणतां येईल असें त्यांनीं मानलें, म्हणून. त्या तेल घेऊन आल्या, पण तोंवर दार लागलें होतें.

मग तो आदला दिवस घालवावा कसा? गांवांतील सर्व प्रेक्षणीय स्थळें एका दिवसांत उरकण्याचा अट्टाहास धरूं नये. तसें केल्यास दगदग टळली नाहीं, केवळ एक दिवस अलीकडे आली, असें होईल. दुपारीं पोहोंचावें, स्नान करावें, जेवावें. धक्क्याचें कोणतें दार, किती वाजतां, हें एकदां प्रत्यक्ष पाहून यावें. कागदपत्रें एका पाकिटांत घालावींत आणि तें कोणाजवळ आहे हें सर्वांस सांगावें. मोठें सामान खोलींत पोहोंचावयास कांहीं तास लागतात. म्हणून औषधें व एक कपड्यांचा जोड हातपिशवींत ठेवावा. मुंबईहून निघणार असाल तर संध्याकाळीं मुलांना बॅलार्ड इस्टेटींतून फिरवून आणावें. जवळची गोदी खोदतांना निघालेल्या मातीनें समुद्रांत भर घालून ती जमीन केलेली आहे, आणि तेथील इमारतींची आंखणी करणारे जॉर्ज विटेट यांनींच गेटवे ऑफ इंडियाचीहि आंखणी केली, हें त्यांना सांगावें. मग लवकर निजावें. जे मुंबईंतच राहतात त्यांनीं आदल्या संध्याकाळीं सामान बांधून दाराशीं ठेवावें. त्यांचें प्रस्थान घरींच झालें.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यांतील पुष्कळांच्या वांट्याला अशी सफर अद्याप आलेली नाहीं, आणि कित्येकांच्या वांट्याला ती येणारहि नाहीं. पण प्रत्येकाचें एखादें जहाज ठरलेल्या वेळीं सुटावयाचें असतेंच. मार्चमध्यें परीक्षेचें केंद्र दुसऱ्या गांवीं येतें, नोकरीच्या मुलाखतीचें बोलावणें येतें, आजारी आजीला पाहावयास जावयाचें असतें. तेथें जो धापा टाकीत पोहोंचतो तो अर्धाच पोहोंचतो. आणि पालकहो, तुम्ही मुलांना अनेक वस्तु देतां; त्यांत वर्षांतून एकदां तरी घाई नसलेला एक दिवस द्या. जहाज तुम्हांला दुसऱ्या दिवशीं नेणारच आहे. आदल्या संध्याकाळीं धक्क्याच्या कठड्याशीं उभें राहून तें मुलाला दाखवीत असतां तुमचा हात त्याच्या खांद्यावर असूं द्या, म्हणजे त्याच्या निबंधांत दोन ओळींहून अधिक समुद्र येईल.