दीर्घ श्वासाला वेळ कोण देणार?

सिझेरियनची किंवा गर्भपिशवी काढल्याची जुनी शिवण आतून सैल होते, तिथून आतडं बाहेर येतं आणि पोटावर गोळा दिसू लागतो. हा हर्निया साडीने घट्ट बांधून बायका वर्षानुवर्षं पाणी भरतात. मी रुग्णालयात समाजसेविका आहे. माझ्यासमोर त्या येतात तोवर गोळा पपईएवढा झालेला असतो.

इतक्या मोठ्या हर्नियात शस्त्रक्रियेनंतर टाक्यांइतकाच धोका श्वासाचा असतो. बाहेर राहिलेली आतडी पोटात परत बसवली की आतला दाब वाढतो, श्वासपटल वर ढकललं जातं, फुप्फुसांना फुलायला जागा उरत नाही. त्यात दुखतं म्हणून बाई उथळ श्वास घेते, खोकत नाही. कफ साठतो, न्यूमोनिया होतो.

वॉर्डात मात्र ‘किती शांत पेशंट!’ अशी तिला शाबासकी मिळते. बाईच्या सोसण्याचं हे कौतुक इथे तिच्या जिवावर बेतू शकतं. दुखणं आवरलं तरच खोल श्वास घेता येतो, पोटाशी उशी धरून खोकता येतं, दुसऱ्या दिवशी उठून चालता येतं. वेदनाशामक मागणं हे लाड नव्हेत, तो उपचारच आहे.

खरी तयारी आधीच्या काही आठवड्यांची. विडी-मिश्री बंद, जुन्या खोकल्यावर औषध, वजन आणि साखर आटोक्यात, श्वास ओढून चेंडू उचलायच्या छोट्या यंत्रावर रोजचा सराव. (फारच मोठ्या हर्नियात आधी पोटात थोडी थोडी हवा भरून जागा करतात, ही पद्धत अर्जेंटिनाच्या गोनी मोरेनो या सर्जनने १९४०च्या दशकात मांडली.) पण घरातून सुट्टी मिळते ती शस्त्रक्रियेपुरती. महिनाभर तयारी म्हटली की नवरा म्हणतो, ‘आत्ताच उरकून टाका ना.’ आणि केसपेपरवर ‘सिगारेट ओढता का?’ याचं उत्तर ‘नाही’. पंचवीस वर्षं गिळलेल्या चुलीच्या धुराला तिथे रकानाच नाही!

गटातली बाई शस्त्रक्रियेला निघाली की महिनाभर तिचं पाणी कोण भरणार हे बैठकीत ठरवू या. सोबत जाणारीने डॉक्टरांना चुलीचं सांगावं. श्वासाचे व्यायाम कोण शिकवणार आणि रात्री दुखलं तर औषध कोण देणार, हे दाखल होण्याआधीच विचारून घ्यावं.