घर-अंगण : तणावर जाळ फिरवताना

पाऊस सरायला लागला की कोकणातल्या घरांभोवती एकच काम डोळ्यांसमोर उभं राहतं, ते तणाचं. चिऱ्याच्या पायऱ्यांच्या फटीत, गडग्याच्या मुळाशी, विहिरीच्या काठावर, पेव्हर ब्लॉकच्या सांध्यांत, जिथे बोट मावणार नाही तिथेही हिरवं माजलेलं असतं. रत्नागिरी-रायगडकडच्या आपल्या कित्येक घरांत कर्ते पुरुष आखातात नाहीतर मुंबईला. घरी अम्मी, दादी, सून आणि शाळेत जाणारी मुलं. गडी वेळेवर मिळत नाही आणि दादीची कंबर आता खुरप्यापुढे वाकत नाही. तण तसंच राहू द्यावं तर फुरशाची भीती. हात-दीड हाताचं ते जनावर जांभ्या दगडाच्या रंगात असं मिसळून जातं की मगरिबच्या वेळी अंगणातल्या नळावर वुजूला जाणाऱ्या माणसाला पाय पडेपर्यंत दिसत नाही. तेव्हा हा नुसता अंगणाच्या शोभेचा प्रश्न नाही.

अशा वेळी कुणीतरी टॉर्च सुचवतं. टॉर्च म्हणजे बॅटरी नव्हे. गच्चीवर डांबरी शीट चिकटवणाऱ्या कारागिरांकडे असतो तो लांब दांड्याचा, सिलिंडरला नळी जोडून चालणारा गॅसचा टॉर्च. हा प्रकार चांगला की वाईट, असं आम्हाला बऱ्याचदा विचारलं जातं. आमचं मत सरळ आहे : योग्य जागी, योग्य दिवसांत आणि योग्य गॅसवर तो उपयोगी आहे. या तिन्हींपैकी एक चुकलं तरी तो घरात आणू नये.

युरोपात ही पद्धत जुनी आहे. नेदरलँड्समध्ये 2016 मध्ये फरसबंदीवर तणनाशक फवारायला व्यावसायिकांना बंदी घातली गेली, त्यामुळे तिथे जाळ, वाफ आणि गरम पाणी यांचा वापर होऊ लागला. आपल्याकडेही केंद्र सरकारने ऑक्टोबर 2022 मध्ये ग्लायफोसेटचा वापर फक्त कीडनियंत्रण व्यावसायिकांमार्फतच करावा असा आदेश काढला. तरी दुकानातून बाटली आणून विहिरीच्या काठावर फवारणारे आहेतच. ज्या विहिरीचं पाणी आपण पितो तिच्या कडेला औषध मारण्यापेक्षा टॉर्च नक्कीच बरा.

आता मुख्य गोष्ट. टॉर्च हातात आला की माणूस तण जाळून राख करायला निघतो. तशी गरजच नसते. पानाच्या पेशींत पाणी असतं. जाळ वरून क्षणभर फिरला की ते पाणी तापून पेशी फुटतात आणि पान आतून शिजतं. पान काळं होत नाही, पेट घेत नाही, फक्त त्याची चकाकी जाते. झालं की नाही हे पाहायचं असेल तर पान थंड झाल्यावर अंगठा आणि बोटाच्या चिमटीत दाबावं. बोटाचा गडद ठसा उमटला की काम फत्ते. दोन-तीन दिवसांत ते रोप आपोआप सुकतं. म्हणून माणूस सावकाश चालेल त्या चालीने जाळ पुढे न्यावा, एका जागी धरून ठेवू नये. धरून ठेवल्याने गॅस वाया जातो, आणि ओल्या दगडात किंवा काँक्रीटमध्ये अडकलेल्या पाण्याची वाफ होऊन टवका डोळ्यात उडू शकतो. काम करताना चष्मा हवाच.

रुंद पानाचं कोवळं तण याने चटकन मरतं. आघाडा, टाकळा, एकदांडी चार पानांची असतानाच गाठावीत. (टाकळा पहिल्या पावसातला असेल तर जाळण्याआधी भाजीला खुडून घ्या, तो काही शत्रू नाही. घोळ तर जाळालाही दाद देत नाही, पानं मांसल असतात. ती उपटून डाळीत टाकलेली उत्तम.) गवताचं मात्र वेगळं. हरळी आणि लव्हाळा यांचा कोंब जमिनीच्या आत असतो. वरचं पातं शिजलं तरी पंधरा-वीस दिवसांत नवं येतं. तीन-चार वेळा फिरवल्यावर हरळी दमते, लव्हाळा दमत नाही. गाजरगवताला हात लावायचा तो फुलं येण्याआधी, हातमोजे घालून आणि मुळासकट. वेलांचा गुंता असेल तर त्यात खाजकुयली नाही ना हे आधी बघावं आणि बिब्याच्या झाडाजवळ जाळ अजिबात नेऊ नये. त्याच्या धुरानेही अंग सुजतं.

गॅसबद्दल थोडं सविस्तर सांगावं लागेल, कारण इथेच सर्वांत जास्त बेफिकिरी दिसते. परदेशात या कामाला निव्वळ प्रोपेनचे छोटे सिलिंडर मिळतात. आपला एलपीजी म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेनचं मिश्रण. स्वयंपाकघरातला 14.2 किलोचा सिलिंडर उचलून अंगणात आणणं कायद्याने चूक आहे. घरगुती सिलिंडर फक्त स्वयंपाकासाठी. धोका त्याहून मोठा आहे. शेगडीचा रेग्युलेटर अगदी कमी दाबाचा असतो, टॉर्चला जास्त दाब लागतो, मग कुणीतरी 'जुगाड' करून देतो आणि नळी तारेने बांधतो. असा जुगाड घरात शिरू देऊ नका. बिगरघरगुती वापरासाठी 5 किलोचा सिलिंडर बाजारात ओळखपत्र दाखवून मिळतो. त्याला जुळणारा रेग्युलेटर, नळी आणि टॉर्च विक्रेत्याकडूनच जोडून घ्यावा आणि प्रत्येक वेळी सांध्यांना साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का बघावं. सिलिंडर नेहमी उभा. आडवा पडला तर वायूऐवजी पातळ गॅस नळीत येतो आणि जाळ एकदम भडकतो. हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळला की गटारात, खड्ड्यात, विहिरीकडच्या सखल भागात साचून राहतो. शोषखड्ड्याच्या झाकणाजवळ आणि उघड्या गटारावर टॉर्च पेटवू नये तो यासाठीच.

कपड्यांचं बोलायचं तर नायलॉनची ओढणी आणि घेरदार बुरखा या कामाला नको. सुती सलवार-कमीज, ओढणी डोक्याला घट्ट बांधून टोकं आत खोचलेली, पायात बंद बूट. मुलं आणि मांजरं घरात. पाण्याची भरलेली बादली किंवा सुरू नळाची नळी हाताशी. वेळ चाश्तच्या सुमाराची बरी : पानांवरचं दव सुकलेलं, जमीन ओलसर आणि समुद्राचा वारा अजून सुटलेला नाही. दव असताना अर्धा जाळ पाणी वाळवण्यातच जातो. दगड उचलून मुंग्यांचं वारूळ नाही ना तेही बघा. जिवंत जिवाला आगीने मारू नये हे आपल्या घरांत वेगळं सांगायला नको. लाकडी खांब, पेंढा, झावळ्या, प्लॅस्टिकचे पाइप यांच्यापासून चार हात दूर.

जून ते ऑक्टोबर, सगळं हिरवं असेपर्यंतच टॉर्च वापरावा. दिवाळीची सुट्टी संपली की तो माळ्यावर टाकून द्यावा. पुढे गवत पिवळं पडतं आणि मग एक ठिणगी शेजारच्या काजूच्या बागेपर्यंत जाते. दर उन्हाळ्यात कोकणात वणव्यांनी आंब्याच्या कलमांची कशी होळी होते ते आपण पाहतोच. शबे बरातच्या आधी कब्रस्तान साफ करताना तरुण मुलं हौसेने काडी लावतात. अलीकडे ही रात्र जानेवारी-फेब्रुवारीत येते, तेव्हा गवत कोरडं ठणठणीत असतं. तिथे टॉर्चही नको, काडीही नको. कोयती घ्यावी, दाताळाने गवत ओढून ढीग करावा.

ज्यांच्या अंगणात फक्त पायऱ्या आणि चार फटी आहेत त्यांनी हा खर्च करूच नये. चुलीवरचं उकळतं पाणी किटलीतून फटीत ओतलं तरी पान तसंच शिजतं, फक्त पाय सांभाळून. आणि लव्हाळ्यासाठी पाऊस पडून जमीन मऊ झालेली असताना कुदळीने खोल खणावं. त्याच्या गाठी मण्यांसारख्या एकीला एक जोडलेल्या असतात. ओढताना दोरा तुटला की खालची गाठ राहते आणि महिन्याभरात पुन्हा वर येते. सापडतील तेवढ्या गाठी फडक्यावर पसरून कडक उन्हात आठवडाभर वाळवाव्यात, ओल्या उकिरड्यात टाकू नयेत.