बंद वाट

2025 चा मार्च. शनिवारी सकाळी मित्राचा फोन. "अरे, गेट फक्त रस्त्यावर आहे. गाडी खाली लावू, बाजूनं आत शिरू. आहे कोण बघायला?"

गेट म्हणजे चँट्री फ्लॅटच्या रस्त्यावरचं. लॉस एंजेलिसमध्ये राहून सॅन गॅब्रिएल डोंगरातलं सांता अनिता खोरं पाहिलं नसेल, तर तुमचं एल.ए. म्हणजे फ्रीवे आणि पार्किंग. इथे ट्रेक उताराने सुरू होतो (म्हणजे परतताना, पाय गळून गेल्यावर, चढ!). खाली ओढा लागला की शहर संपतं. ऑल्डरची झाडं डोक्यावर मांडव घालतात, भर उन्हाळ्यातही वाट गार. जुन्या लाकडी केबिन, त्यांचं सामान वाहणारी गाढवं, स्टर्टेव्हंटचा धबधबा, आणि साधारण चार मैलांवर स्प्रूस ग्रोव्हचा कँप. गंमत म्हणजे तिथे स्प्रूस नाहीच, ते बिगकोन डग्लस फर. जुन्या लोकांनी चुकून स्प्रूस म्हटलं, ते चिकटलं. आपल्याकडे व्हेरिएबलला एकदा चुकीचं नाव पडलं की जन्मभर तेच राहतं, तसं.

सप्टेंबर 2020 मध्ये बॉबकॅट फायरने एक लाखाहून जास्त एकर जाळलं आणि हे खोरं काही वर्षं बंद राहिलं. मग जानेवारी 2025 ची ईटन फायर. परत बंद.

मित्राचा मुद्दा अगदीच चुकीचा नव्हता. आग विझली, झाडं जळायची ती जळली, आता कसला धोका? मलाही आधी तसंच वाटायचं. पण खरा धोका आग विझल्यावरच सुरू होतो. इथल्या झुडपांच्या पानांत मेणासारखे पदार्थ असतात. जळताना त्यांची वाफ मातीत शिरते, थंड होते आणि जमिनीखाली पाणी न शोषणारा थर बनतो. वरून मुळंही गेलेली. मग तासाभराचा जोरदार पाऊस पुरतो. पाणी मुरत नाही, राख, माती, मोटारीएवढे दगड घेऊन ओढ्यात उतरतं. मॉन्टेसिटोला 9 जानेवारी 2018 ला हेच झालं. आग डिसेंबरातली, लोक घरी परतलेले, आणि चिखलाच्या लोंढ्यात 23 माणसं गेली. फेब्रुवारी 2025 मध्ये आमच्याच बाजूच्या सिएरा माद्रेच्या रस्त्यांवर चिखल आला होता. आणि आम्ही झोपणार कुठे? अरुंद खोऱ्यात, ओढ्याच्या काठाला.

मी काही लहानपणापासून शहाणा नाही. पुण्यात असताना बंदीच्या पाट्या ओलांडून धबधबे पाहिलेत, त्याचे फोटो ऑर्कुटवर मिरवलेत. इर्शाळगडाला जाताना इर्शाळवाडीत चहा प्यायलोय. 19 जुलै 2023 च्या रात्री ती वाडी डोंगराखाली गेली. तिथल्या लोकांना कुणी पर्याय दिला नव्हता. आम्हाला होता, तरी आम्ही गेटच्या बाजूची फट शोधत होतो.

एक तक्रार मात्र आहे. बंदी घालणारे, इथले काय नि तिकडचे काय, दंडाचा आकडा ठळक छापतात, कारण एका ओळीत उरकतात. पावसाळ्यात सरसकट सगळे धबधबे बंद केले की धोक्याचा कुठला आणि कागदोपत्री कुठला, हे कळायला मार्ग उरत नाही. मग माणूस सगळ्याच पाट्यांना हसतो. गेटवर त्या मेणाच्या थराचं चित्र लावा ना! निम्मे लोक तिथूनच वळतील. उरलेल्यांसाठी दंड आहेच.

हे सगळं मी फोनवर ऐकवलं. पलीकडून बराच वेळ काही नाही. मग, "ठीक आहे बाबा, पण नवीन तंबू घेतलाय, त्याचं काय करू?"

समुद्रावर गेलो. वाऱ्याने तंबू दोनदा उडाला, पोह्यांत वाळू गेली. तो अजून ऐकवतो.