लाकूड पचवणारा शिंपला

बेसिंगस्टोकहून गाडीने साधारण तासाभरात पोर्ट्समथ येतं. सुट्टीत मुलांना 'मेरी रोझ' दाखवायला नेणार असाल, तर जहाजाची जेमतेम एकच बाजू का उरली, हे त्यांना नक्की सांगा. १५४५ साली बुडालेलं हे जहाज १९८२ मध्ये वर काढलं. चिखलात गाडली गेलेली बाजू वाचली, उघडं राहिलेलं लाकूड मात्र समुद्री जिवांनी फस्त केलं. त्यांतलाच एक शिपवर्म. दिसायला लांबट, पांढरट किडा, पण कूळ कालवं-तिसऱ्यांचं. डोक्याशी उरलेल्या दोन इवल्या शिंपांच्या दातेरी कडांनी तो लाकूड किसत आत शिरतो.

ते लाकूड पचवायला त्याला बॅक्टेरियांची मदत लागते. हे बॅक्टेरिया त्याच्या कल्ल्यांच्या पेशींत राहतात. सेल्युलोज फोडणारी विकरं ते तिथे तयार करतात आणि ती पचनमार्गापर्यंत पोचतात. अन्न एकीकडे, आचारी दुसरीकडे! मला यातलं हेच सर्वांत विलक्षण वाटतं. शिवाय लाकडात नायट्रोजन अगदीच कमी. १९८३ साली शिपवर्ममधून वेगळा काढलेला एक बॅक्टेरिया सेल्युलोज तर फोडतोच, वर नायट्रोजनही स्थिर करतो.

जहाजं बांधणाऱ्या वाडिया घराण्याने मुंबईत सागवानात बांधलेलं, १८१७ साली पाण्यात उतरलेलं 'ट्रिंकोमाली' हे आरमारी जहाज अनेक वर्षं याच पोर्ट्समथ बंदरात होतं. त्या काळी आरमारी जहाजांच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकत, त्याचं एक मोठं कारण हाच शिंपला. या अंकाची मुखकथा त्याच्यावर आणि त्याच्या बिऱ्हाडकरूंवर आहे. मुलांबरोबर वाचा.