प्रबंधाला हात घालण्यापूर्वी

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यातील आपल्या व्यापारी घरांत मुलामुलींचे पदव्युत्तर शिक्षण आता नवलाचे राहिलेले नाही. तरीही संगणकशास्त्रात एम.एस्सी. झालेली मुलगी ‘मला पीएच.डी. करायची आहे’ असे म्हणते, तेव्हा घर क्षणभर थबकते. किती वर्षे लागतील? मिळकतीचे काय? मध्येच अडले तर? वडीलधाऱ्यांचे हे प्रश्न गैर नाहीत. भांडवल गुंतवण्यापूर्वी व्यापारी हेच विचारतो, आणि येथे तर तारुण्यातील वर्षे गुंतायची आहेत.

प्रथम मुदत पाहू. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएच.डी.ला किमान ३ व कमाल ६ वर्षे मिळतात. पुनर्नोंदणी केल्यास आणखी २ वर्षांपर्यंत वाढ मिळू शकते आणि महिलांना त्याहून २ वर्षांची अधिक सवलत आहे. नेट परीक्षेतून कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळाल्यास २०२३ पासून तिची रक्कम दरमहा ३७,००० रुपये आहे. परंतु ती सर्वांनाच मिळत नाही. तेव्हा तिच्यावाचून खर्च कसा भागेल, याचा हिशेब आधीच मांडावा.

मार्गदर्शकांच्या जागाही मोजक्याच असतात. एका वेळी प्राध्यापकाकडे ८, सहयोगी प्राध्यापकाकडे ६ आणि सहायक प्राध्यापकाकडे ४ संशोधक, अशी मर्यादा आहे. नावाचा दबदबा पाहण्यापेक्षा त्यांच्या किती विद्यार्थ्यांनी प्रबंध पूर्ण केला व किती वर्षांत केला, हे त्या विद्यार्थ्यांनाच भेटून विचारावे.

यापुढचा भाग खरा कठीण. बँकेत कर्जप्रस्ताव वाचताना ‘व्यवसायवृद्धीसाठी’ एवढेच लिहिणारा अर्जदार क्वचितच तयारीचा निघे. कोणते यंत्र, कितीला आणि त्यावर महिन्याला किती माल निघेल, हे लिहिणाऱ्याचे काम पुढे सरके. प्रबंधाचेही तसेच आहे. ‘कृत्रिम बुद्धिमत्ता आणि पूर’ हा केवळ विषय झाला. त्यातून प्रश्न काढावा लागतो.

उदाहरण आपल्या दारचेच घेऊ. २६ जुलै २०१९ च्या रात्री मुंबईहून निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर व वांगणीच्या दरम्यान पुरात अडकली आणि दुसऱ्या दिवशी हजाराहून अधिक प्रवाशांची सुटका करावी लागली. यावरून प्रश्न असा मांडता येईल : कर्जतकडील पावसाच्या ताशी नोंदींवरून उल्हास नदीची बदलापूर येथील पातळी तीन तास आधी, एखाद्या साध्या गणिती पद्धतीपेक्षा अधिक अचूक सांगता येईल काय? आता काय मोजायचे आणि कशाशी ताडून पाहायचे, हे स्पष्ट झाले. मात्र त्या नोंदी मिळतात का, किती वर्षांच्या व किती अखंड, याची चौकशी नोंदणीपूर्वीच करावी. माल हाती नसताना सौदा करू नये.

लहान कामाला कमी लेखू नये. पुण्यातील ‘एलथ्रीक्यूब’ या उपक्रमातून २०२१ मध्ये सुमारे १६ हजार मराठी ट्वीट एकत्र करून प्रत्येकावर अनुकूल, प्रतिकूल वा तटस्थ अशी खूण करण्यात आली. काम मर्यादित होते, पण पुढच्यांना मराठीवर प्रयोग करण्यास पाया मिळाला.

पहिल्या तीन महिन्यांत दोन गोष्टी कराव्यात. ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर भारतीय विद्यापीठांतील प्रबंध विनामूल्य वाचता येतात. आपल्या प्रश्नाजवळचे पाच-सहा निवडून, कोणी काय केले व काय राहिले, याची वही ठेवावी. दुसरे, पूर्वी कोणी केलेला एक प्रयोग स्वतः पुन्हा करून पाहावा. उत्तर जुळले तर साधने हातात बसली. न जुळले तर कारण शोधता शोधता कधी कधी स्वतःचा प्रश्न सापडतो.

वडीलधाऱ्यांना एक विनंती. ‘झाला का प्रबंध?’ असे दर सणाला विचारू नये. वर्षातून एकदा मात्र तिला समोर बसवून, काय हाती लागले व काय अडले, हे शांतपणे ऐकावे. दुकानाचा ताळेबंदही आपण वर्षातून एकदाच मांडतो. आणि जे पोर आपला प्रश्न आजीला समजेल अशा चार वाक्यांत सांगू शकते, त्याला नोंदणीचा अर्ज भरू द्यावा.