निर्वासित कोण, शरणार्थी कोण?

'निर्वासित' हा शब्द फाळणीच्या धामधुमीत कचेऱ्यांतून निपजला, त्याचा अर्थ 'ज्यास वास नाही तो' एवढाच, अशा माणसांसाठी मराठीत पूर्वी शब्दच नव्हता, आणि विनयशील व परंपरासिद्ध असा 'शरणार्थी' हाच शब्द यापुढे सर्वांनी पत्करावा, असा निवाडा आमच्या नाशकातील एका व्युत्पत्तिपंडितांनी नुकताच दिला आहे. आणि त्यावर अपील चालणार नाही अशा थाटात तो दिला असल्यामुळे चार शब्द लिहिणे प्राप्त झाले.

पंडितांस 'वास' दिसला, शेवटचा 'इत' मात्र दिसला नाही. नुसता वास नसता तर 'निर्वास' म्हणूनही भागले असते. 'निर्वासित' हे वस् धातूच्या प्रयोजक रूपावरून साधलेले कर्मणी कृदंत आहे, म्हणजे ज्यास कोणीतरी घालवून दिले तो. मेलेला आणि मारलेला यांतला भेद साध्या फौजदारासही कळतो, कारण दुसऱ्या शब्दामागोमाग मारणाऱ्याचा तपास येतो. आणि ज्यांना तो तपास नको, त्यांनाच 'बेघर' हा अर्थ सोयीचा वाटतो. १९४७ नंतर देवळालीच्या लष्करी बराकींत सिंधमधली जी कुटुंबे उतरली, त्यांची कराची-हैदराबादकडली घरे काही भूकंपाने पडलेली नव्हती. ती जागच्या जागी उभी होती, धनी तेवढे घालविले गेले होते.

पूर्वी शब्द नव्हता म्हणे! मोडी दप्तराचा एखादा रुमाल सोडून पाहण्याची तसदी घेतली असती, तर स्वारी किंवा दुष्काळ यांपायी 'रयत परागंदा' झाल्याचे आणि तिला कौल देऊन, साऱ्यात सूट देऊन, पुन्हा गावी बोलाविल्याचे त्यांस आढळले असते. राहता राहिला फाळणीग्रस्तांसाठीच्या १९५४च्या नुकसानभरपाईच्या कायद्यातला 'विस्थापित', तर तो आता धरणग्रस्तांकडे गेला आहे. तो त्यांनाच लखलाभ.

'शरण' या शब्दाचे घर आणि रक्षणकर्ता असे दोन्ही अर्थ अमरकोशात आहेत हे खरे. परंतु मराठी कानास त्यातून हत्यार टाकलेला माणूसच ऐकू येतो. परंपरेसाठी विभीषणाचा दाखला देणाऱ्याने, निदान गोदाकाठी राहून, पंचवटी आधी आठवावी. राज्यातून बाहेर काढलेला राम दंडकारण्यात कोणाच्या आश्रयाखाली दबून राहिला नाही. उलट राक्षसांनी गांजलेले ऋषीच त्याच्याकडे अभय मागावयास आले. निर्वासित तो, शरणार्थी ते.

आमचे म्हणणे थोडके आहे. वेशीवर उभा राहून आसरा मागतो तोवर माणूस शरणार्थी. आसरा मिळाला की ते नाते सरले, घालविले गेल्याची हकीकत तेवढी उरते, आणि ती 'निर्वासित' या शब्दात नमूद आहे. ज्यांस हे मान्य नसेल त्यांनी देवळाली कॅम्पातील, कॅन्टोन्मेंटची घरपट्टी वेळेवर भरणाऱ्या एखाद्या सिंधी कापडवाल्यास भर बाजारात 'अहो शरणार्थी' म्हणून हाक मारून पाहावी.